आभासबुवांच्या बारा चकत्या

दिनांक ११ फेब्रुवारी. रुपये ९४०, अक्षरी नऊशे चाळीस फक्त. चिनी मातीच्या बारा चकत्यांचे बिल माझ्या टेबलावर टाकून आमचे आभासबुवा म्हणाले, "हिशेबनीस, किरकोळ आहे. उरकून टाका."

आमची प्रयोगशाळा जुन्या खाणीच्या तळाशी आहे. न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा एखादा कण कधीतरी यंत्राला धडकेल, या आशेवर सगळे तिथे बसलेले. पण दगड, पोलाद, तारा, सगळ्यांतूनच थोडाफार किरणोत्सर्ग पाझरतो आणि यंत्र उगाच टिकटिकते. ही खोटी टिकटिक किती होईल, ते कॉम्प्युटरवर हुबेहूब यंत्र रचून आधीच काढायचे, हे बुवांचे काम. खऱ्या यंत्राकडे ते सहसा फिरकत नसत. कॉम्प्युटरमधले मात्र स्क्रूसकट पाठ. म्हणून आभासबुवा हे नाव.

जोडणीच्या वेळी तारांखाली बसवायच्या चकत्या बारा कमी पडल्या. बुवांनी मेहुण्याच्या विजेच्या सामानाच्या दुकानातून मागवल्या.

"यांचा किरणोत्सर्ग तपासायचा नाही?" तंत्रज्ञ बाईंनी विचारले.

"आकार तोच ना? मग आकडाही तोच."

यंत्र सुरू झाले आणि टिकटिक बुवांच्या आकड्याच्या दुप्पट निघाली. दुसऱ्या कोणीही आधी आपला आकडा तपासला असता. बुवांनी पेढीवर पैसे जमा असल्यासारखे सांगून टाकले, "वरची सगळी टिकटिक कृष्णद्रव्याची!" संचालक निवृत्त होणार होते, आणि शोध पदरात पडला की ती खुर्ची बुवांचीच. त्यांनी नवा कोट शिवायला टाकला.

घोषणेच्या आदल्या दिवशी घरच्या मंडळींसह चहापान होते. मेहुणा संचालकांपुढे छाती काढून उभा राहिला. "आमचाही हातभार आहे हं साहेब! बारा चकत्या आमच्या दुकानातल्या. भावोजींना घरच्या भावात दिल्या."

"अरे, तू बिस्किटं घे ना," बुवा पुटपुटले.

"बिस्किटं कसली? आधी पैसे द्या!"

संचालकांनी कप खाली ठेवला. "कसल्या चकत्या?"

घोषणा थांबली. चकत्या काढून तपासल्या, तर किरणोत्सर्ग बाकीच्यांच्या साठपट. हा आकडा घालताच बुवांचे कॉम्प्युटरमधले यंत्रही खऱ्याइतकेच टिकटिकू लागले. कृष्णद्रव्य संपले. खुर्ची बाहेरच्या माणसाला मिळाली. बुवा अजून म्हणतात, "माझं गणित बरोबरच होतं, यंत्रच चुकीचं जोडलं." तोच नवा कोट घालून म्हणतात.

बिलासोबत तपासणीचा दाखला नव्हता, म्हणून मी ते परत केले. मेहुण्याचे नऊशे चाळीस बुवांकडून अजून येणे आहेत.