ॲस्बेस्टॉसचा नखाएवढा तुकडा

लोकांच्या घराच्या छपराचा नखाएवढा तुकडा मागायचा, तो पिशवीत घालायचा आणि निघून जायचं, असं आमचं काम. तुकडा लॅबमध्ये जातो आणि किस्सा आमच्याकडे राहतो. आता इतके साठलेत, की डबा खायला बसलो की एक जण सुरू करतो आणि दुसऱ्याची भाजी तशीच राहते!

आम्ही म्हणजे तिघं. मी सुजाता, शिडीवर चढणारी. हरेशदादा, या कामात मला शिकवून तयार करणारे. आणि लॅबच्या मॅडम, ज्या मायक्रोस्कोपला डोळा लावून सांगतात की तुकड्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात, पाइपात, कुठल्या कुठल्या सीलिंगमध्ये हा तंतू असतो. पत्रा शाबूत असला तर तो गप्प बसतो. फोडला, ड्रिल मारलं, घासला, की धुळीतून छातीत जातो आणि कित्येक वर्षांनी आजार होऊन वर येतो. म्हणून आमचं सगळं हळू. आधी पंखे बंद, मग पत्र्यावर पाणी, मग पक्कडीनं कोपऱ्याचा इवलासा तुकडा, तो दोन पिशव्यांत, आणि मोडलेल्या कडेवर रंगाचा हात. धूळ उडाली तर हरेशदादा दिवसभर बोलत नाहीत!

*

रेवदंड्याला मासळी सुकवण्याच्या शेडचा पत्रा तपासायचा होता. गाडीतून उतरून आम्ही पांढरे सूट चढवले, मास्क लावले आणि वळून बघतो तर काय, अंगणातल्या बायका भराभर उठून घरात! दारं धडाधड बंद!

एका खिडकीतून आवाज आला, "कोरोना परत आला काय गो?"

मी मास्क काढून सांगितलं, "नाही हो, पत्रा तपासायला आलोय."

तशी एक म्हातारी मावशी बाहेर आली. तिनं आम्हाला खालून वर बघितलं, मग पत्रा बघितला, मग पत्र्याखाली पसरलेलं सुकट बघितलं. "पत्र्याची धूल वंगाळ अस्ते ना? मंग आदी सुकट झाका! नंतर काय ते करा."

खाली प्लास्टिक अंथरायचं आमच्या यादीत होतं, पण आधी खालचं खाणंपिणं हलवायचं किंवा झाकायचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. सूट न घालता, पुस्तक न वाचता मावशीनं बरोबर बोट ठेवलं होतं. हरेशदादांनी तिथंच पेन काढलं. आज आमच्या छापील यादीत पहिल्या नंबरला लिहिलंय, "आधी सुकट झाका." तळा गावाला जा नाहीतर खोपोलीला, नंबर एक तोच!

*

हरेशदादांना पूर्वी दाढी होती. साधीसुधी नाही, छातीपर्यंत. लग्नाच्या आधीपासूनची.

मग नवे मास्क आले आणि त्यांची टेस्ट आली. डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालतात आणि आत कडू औषधाचा फवारा मारतात. जिभेला कडू लागलं, की मास्कच्या कडेनं हवा आत येतेय असं समजायचं. हरेशदादांवर फवारा मारला आणि ते ओरडले, "कारल्याचा रस आहे काय हा!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दादा, मास्क चांगला आहे. मध्ये दाढी येतेय."

दुसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस ऑफिसात येऊन दादांच्या खुर्चीवर बसला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं! आवाज ऐकल्यावर कळलं, हे दादाच. गुळगुळीत चेहरा, हनुवटीला खळी.

"घरी काय म्हणाल्या वहिनी?" मी विचारलं.

दादा लाजले. "दार उघडून बघतच राहिली. मग म्हणाली, हा माणूस लग्नात कुठे होता?"

*

तळा गावाजवळच्या एका वाडीत आप्पा म्हणून भाताची शेती करणारे गृहस्थ. फोनवर त्यांना सांगितलं होतं, पडवीच्या पत्र्याचा छोटा तुकडा लागेल. आम्ही पोचलो तर आप्पा दारात, हातात सूप, सुपात पत्र्याचे तुकडे!

"तुमचा तरास वाचवला! हातोड्यानं फोडला, खराट्यानं झाडला, कसा मस्त गोळा केलाय बघा."

ओटीवर त्यांची नात रांगत होती.

दादांनी आवाज न चढवता आधी नातीला आणि घरातल्यांना मागच्या अंगणात पाठवलं. आप्पांना हातपाय धुऊन कपडे बदलायला लावले, काढलेले कपडे ओले करून पिशवीत. मग आम्ही सूट घालून ओटी, पडवी सगळं ओलं केलं, तुकडे जाड पिशवीत भरले आणि ओल्या फडक्यानं इंच न् इंच पुसून काढलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. फडकीसुद्धा पिशवीत. तीन तास गेले. सूटमधून घाम गळत होता, पण कोपऱ्यात बोट फिरवून बघितलं तर कणभर धूळ नाही. एवढं स्वच्छ काम मी आजवर दुसरं केलेलं नाही.

निघताना आप्पा हात जोडून म्हणाले, "नखाएवढा तुकडा न्यायला आलात नि घरभर पोचा मारून गेलात! दिवाळीच्या आधी परत या हां!"

*

उरणला एका गोडाऊनमध्ये मी शिडीवर, दादा खाली पाण्याचा पंप धरून. वॉचमन आला, मला बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि दादांना विचारलं, "साब लोग कब आयेंगे?"

दादांनी माझ्याकडे बोट केलं. "साब वो ऊपर है. मैं तो पानी मारता हूँ."

*

आमच्या मॅडम कुणावर ओरडत नाहीत. त्याची गरजच पडत नाही.

एकदा एका साइटचा सुपरवायझर लॅबमध्ये आला. त्याच्या जुन्या शेडच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस निघालं होतं आणि पाडकाम दुसऱ्या दिवशी सुरू करायचं होतं. "मॅडम, एक शब्द तर आहे. 'आहे'चं 'नाही' करा. कोण बघतंय?"

मॅडम उठल्या आणि स्वतःचं स्टूल त्याच्यापुढे सरकवलं. "तुम्हीच बघा. तुम्हाला दिसलं नाही तर तसं लिहून तुम्ही सही करा."

तो हसत हसत बसला. मायक्रोस्कोपला डोळा लावला. काळोख्या गोलात ते नागमोडी धागे केसाहून बारीक, चमकत असतात. तो बघत राहिला. हसू गेलं.

"हे सगळं नखाएवढ्या तुकड्यात?"

"त्यातल्याही चिमटीभरात."

त्यानं मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, ते मास्क कुठे मिळतात? माझी बारा माणसं आहेत."

*

आता शेवटचा. हा माझ्याच गावचा, उरणकडचा. आमच्या शाळेचं छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचं. ठिकठिकाणी तडकलेलं, खाली मुलं बसायची. तुकडे मीच काढले आणि त्यात ॲस्बेस्टॉस निघालं. पुढं मे महिन्यात एकेक पत्रा ओला करून, बोल्ट सोडवून, दोरानं अलगद खाली घेतला. छप्पर उतरलं, पण एकही पत्रा फुटला नाही. मी हे कुणालाही छाती फुगवून सांगते. पण किस्सा त्याच्या आधीचा आहे, गावच्या सभेचा.

देवळाच्या सभामंडपात सगळं गाव जमलं होतं. मी उभं राहून रिपोर्ट वाचला. अर्ध्या लोकांना पटलं, अर्ध्यांना नाही. "एवढी वर्षं आमी त्याच्याखाली शिकलू, कोन मेला?" "कशाला सूट नि नाटका? चार पोरं घन घेऊन चढवा, एका दिवसान मोकला!"

घण ऐकून मी हातातला रिपोर्ट वर धरला. मी पुन्हा सांगायला लागले, फोडायचं नाही, फोडलं तर तेच शाळेत पसरेल. तेवढ्यात मागून एक जण मोठ्यानं म्हणाला, "आमाला काय शिकवतंस? ह्ये पत्रं घातलं कोनी? तुज्याच बापानं ना?"

सगळ्यांच्या माना खांबाकडे, माझ्या बाबांकडे वळल्या.

खरं होतं ते. माझे बाबा मिठागरावर काम करायचे आणि उरलेल्या वेळात गावाची छपरं घालायचे. शाळेचं छप्पर ही त्यांच्या आयुष्यातली मोठी कामगिरी. येणाऱ्याजाणाऱ्याला हात करून दाखवायचे. रिपोर्ट आल्यापासून ते घरात त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. मीही विचारलं नव्हतं. त्या क्षणी त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

खांबाला टेकून बसलेले बाबा काठी टेकत उठले. टोपी नीट केली.

"व्हय, मीच घातलं. येकेक पत्रा ह्या हातानं." त्यांनी काठी माझ्याकडे रोखली. "पन तवा ही जल्माला आली नव्हती. आली असती, त येक पन पत्रा घालू दिला नसता इनी मना!"