कप्तान कसा वाचला

सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या बाई पर्समधून मोबाइल काढत होत्या आणि पुन्हा आत ठेवत होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. पडद्यावर अंतराळयानाच्या एका जुन्या मालिकेचा नवा भाग थांबवलेला होता.

"पाहायचा नाही का?" मी विचारलं.

लहानपणी मोहगावात त्यांनी ही मालिका न चुकवता पाहिली होती. शेवटच्या भागात जळत्या यानात कप्तान एकटा उरला आणि गावातली वीज गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी मनानेच शेवट रचून सांगितला. मैत्रिणी अजून तोच खरा मानतात.

"आता ते जुनं पुन्हा कायले उकरून राहिले, काय माहीत," त्या म्हणाल्या. "पण पाहावंसं तं वाटतेच न!"

नव्या भागाच्या सुरुवातीला जुना शेवट दाखवतात, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

"भाऊ, तो जिवंत हाय का, तेवढंच पाहा. कसा वाचला ते सांगू नका. ते माह्यापाशी हाय."

मी पाहत असताना त्या खिडकीबाहेर तोंड करून बसल्या. कप्तान जिवंत होता. मी तसं सांगितलं. त्यांनी मोबाइल घेतला आणि बंद केला.

"मग तुमचा कसा वाचला?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे वळल्या आणि पांढुर्णा येईपर्यंत हातवारे करत सांगत राहिल्या. मालिकेतला शेवट मी त्याच बसमध्ये पाहिला होता. तो आता मला नीट आठवत नाही.