प्रभाताईंनी पाहिलेली माझी स्लाइड

प्रभाताई गेल्या. आज पहाटे, झोपेतच.

माझं रक्त माझ्या आईपेक्षाही ज्यांनी नीट ओळखलं, त्या प्रभाताई.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते. ताई बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी बस स्टँडच्या मागे स्वतःची लॅब टाकली. दोन खोल्या आणि एक जुना मायक्रोस्कोप.

मी बी.एस्सी. करून त्यांच्याकडे शिकायला गेले, तेव्हा माझा साखरपुडा झालेला होता.

मी हिंदी मीडियमची. हायपोक्रोमिक, पॉलिक्रोमेशिया, क्रोमॅटोग्राफी असले शब्द दिसले की घाम फुटायचा. रट्टा मारायचा आणि दुसऱ्या दिवशी विसरायचं.

एकदा ताई म्हणाल्या, "पाठ काहून करून राह्यली वं? शब्द फोडून पाह्य ना. क्रोमा म्हनजे रंग. ग्रीक लोकायचा शब्द हाय. हायपो म्हनजे कमी. तं हायपोक्रोमिक म्हनजे?"

"रंग कमी?"

"हौ! झालं. फिक्की लाल पेशी."

"अन् क्रोमोसोम?"

"सोम म्हनजे शरीर. त्याले सोताचा रंग नाही, पन स्लाइडवर रंग टाकला का गटागट पिते. मंगच दिसते. म्हनून ते नाव."

इतकं सोपं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

शिकताना आम्ही स्वतःच्याच रक्ताची स्लाइड करायचो. मी बोट टोचलं, स्लाइड रंगवली आणि ताईंपुढे ठेवली.

एरवी त्या मिनिटभरात मान वर करायच्या. त्या दिवशी करेनात.

"कोनाचं रक्त हाय हे?"

"माझंच. काहून? स्लाइड बिघडली?"

"स्लाइड चांगली हाय. पेशी फिक्क्या हायेत."

मी हसले. "ताई, मले पहिल्यापासून खून की कमी आहे. शाळेत होती तेव्हापासून आयर्नच्या गोळ्या खाते."

"इतके वर्स खाऊन रंग नाही आला?"

"नाही."

"मंग कमी लोहाची नाही. कायतरी दुसरं हाय."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि दाखवलं. फिकट पेशींच्या मधोमध एकेक गडद ठिपका. असं दिसलं की आणखी एक तपासणी करायची असते, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे काढून पाहणारी. क्रोमॅटोग्राफी. माझं सॅम्पल नागपूरला गेलं.

रिपोर्ट आला. थॅलेसीमिया मायनर.

डॉक्टरांनी समजावलं. मला आजार नाही, पुढेही होणार नाही. गोळ्यांची गरज नव्हतीच. पण नवराही मायनर निघाला, तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता, की बाळाला मेजर असेल. म्हणजे जन्मभर दर महिन्याला रक्त चढवायचं.

मी लॅबमध्ये येऊन रडले. "ताई, लग्न मोडन माझं. कोणाले सांगू नका."

"मी नाही सांगत. रिपोर्ट तुहा हाय, सांगशीन तं तूच सांगशीन." मग म्हणाल्या, "पन लेकरू बिमार निंगालं तं कोनापासून लपवशीन?"

दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी होणाऱ्या नवऱ्याला, नीलेशला, रामपायलीहून बोलावून घेतलं आणि लॅबच्या बाकावर बसून सगळं सांगितलं.

त्याने रिपोर्ट वाचला, शर्टाची बाही वर केली आणि ताईंना म्हणाला, "मेरा भी निकाल लो."

तोही मायनर निघाला.

त्याच्या घरी महिनाभर चर्चा चालली. दुसरी पोरगी पाहा, असंही कुणी म्हणालं. नीलेश एवढंच म्हणाला, "हिनं सांगतलं ना. मले सांगणारीच पाहिजे."

लग्न झालं.

पहिल्या वेळी दिवस राहिले, तेव्हा नागपूरच्या तपासणीत बाळाचा रिपोर्ट वाईट आला, मेजर. ते बाळ जन्माला आलं नाही; त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

ताई रोज दुपारी डब्यात भात-वरण घेऊन घरी यायच्या. मी जेवेपर्यंत बसून राहायच्या. एक दिवस मी विचारलं, "माझ्याच क्रोमोसोममध्ये खोट काहून?"

"खोट नको म्हनू. मायबापाकडून आलं, त्यायले त्यायच्या मायबापाकडून. याच्यात कोनाचाच गुन्हा नाही वं."

मला हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

दुसऱ्या वेळी रिपोर्ट उघडायची माझी हिंमत झाली नाही. ताईंनी उघडला. चष्मा पुसून दोनदा वाचला.

"तुह्यासारखंच हाय लेकरू. मायनर. काहीच होत नाही त्याले."

आणि त्या रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आमची सई आता चौथीत आहे. आज घाटावर माझ्यासोबत आली होती.

ताईंचा मुलगा रायपूरला असतो, तो मला ओळखत नव्हता. त्याने विचारलं, "आपण आईच्या स्टुडंट का?"

मी हो म्हणाले. मागे लामत्याहून आलेलं एक जोडपं उभं होतं. ते म्हणाले, "आम्ही पेशंट." त्यांच्यामागे आणखी कुणीतरी म्हणालं, "आम्हीपण."

ताईंच्या डोळ्यांनी साथ सोडल्यापासून लॅब मीच चालवते. लग्न ठरलेली पोरं-पोरी येतात, घाबरलेली असतात. मी त्यांना आधी पाणी देते, मग सांगते की मीही मायनर आहे.

ताई, तुम्हाला कधी थँक्यू म्हटलं नाही. आज सगळ्यांसमोर म्हणते.

आज लॅब बंद ठेवली. तुम्ही रागावला असता, माहीत आहे. उद्या आठ वाजता उघडते.

मनापासून नमस्कार, ताई. या आता.