अर्धा इंच

माझ्या पोटात बायकोची एक किडनी आहे. सहा वर्षांपूर्वी तिनं ती दिली, आणि तेव्हापासून आमच्या भांडणात मी एकदाही जिंकलो नाही. तिच्याकडे उरलेल्या किडनीच्या शेजारीच, मणक्याला लागून, गेल्या वर्षी गाठ निघाली.

सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. किरणं द्यायची, एक दिवसाआड, पाच वेळा. त्यांनी कागदावर गाठ काढली, बाजूला किडनी काढली आणि मधली चिंचोळी जागा दाखवली. किरणं चहूबाजूंनी आणून गाठीवर एकवटायची आणि किडनीच्या वाट्याला कमीत कमी येऊ द्यायची, असं ते म्हणाले. किडनी गेली तर काय, हे मी विचारलं नाही. परत द्यायला माझ्याकडं तिचीच होती.

घरी पाळायच्या गोष्टी थोड्या होत्या. सांगतील तेवढं पाणी प्यायचं. पाठ दुखली तरी मेडिकलमधून मनानं गोळी आणायची नाही. श्वासाबरोबर किडनी वरखाली होते, म्हणून मशीनखाली सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. आणि किरणांचा नेम धरायला दवाखान्यात कमरेवर काढलेल्या खुणा पुसू द्यायच्या नाहीत. ईटला, आमच्या गावी, दुकानातच ती श्वास रोखायचा सराव करायची आणि मी शिलाई मशीनवर बसून आकडे मोजायचो. मी लेडीज टेलर. कमरेचं माप देताना अख्खं गाव श्वास रोखतं, त्यामुळे त्याचं मला विशेष वाटलं नाही.

दुसऱ्या खेपेनंतर परकराच्या नाडीनं कमरेवरची एक खूण जवळजवळ पुसली. दवाखान्यात फोन करावा असं माझ्या डोक्यातही आलं नाही. पुसलेल्या खुणा पुन्हा काढण्यातच माझी तीस वर्षं गेलीत. टेप घेतली, बेंबीपासून मोजलं, राहिलेला डाग बघितला आणि कापडावर मारायच्या पेनानं रेघ ओढली. हाताच्या सवयीनं ती अर्धा इंच बाहेर ओढली. कापड थोडं जास्तीचं ठेवावं लागतं, कमी पडलं तर शिंप्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. किडनी त्याच बाजूला होती.

तिसऱ्या खेपेला किरणं सोडायच्या आधी त्यांनी नेहमीप्रमाणं आतला फोटो काढला. रेघ आणि आतलं हाड जुळेना. डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि ही खूण कुणी काढली म्हणून विचारलं.

"म्याच काढली," बायको टेबलावर पडल्यापडल्या म्हणाली.

मी म्हणालो, मी काढली. डॉक्टरांनी माझा धंदा विचारला. मी सांगितला. ते रेघेवर वाकले आणि म्हणाले, रेघ सरळ आहे. मग म्हणाले, आम्ही फोटो काढतो म्हणून निभावलं, यापुढं खूण पुसली तर फोन करा, पेनाला हात लावू नका. त्यांनी सगळं मोजून खुणा नव्यानं काढल्या आणि त्यावर पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या.

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. एक किडनी घेऊन बसलो होतो आणि दुसरीही घालवायला निघालो होतो. स्वतःची एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर तिनं मला खुणा बघायला हाक मारली. मी दारातच उभा राहिलो, दोन्ही हात पाठीमागं धरून. खुणा दिसतायत, म्हणालो. मागची पट्टी सुटलीय का, तिनं विचारलं. मी तिला आरशात बघून घ्यायला सांगितलं.

"हात लावून बघा की."

मी म्हणालो, मला भ्या वाटतं.

"मला बी वाटतंय," ती म्हणाली. "पण पाठीमागं माझा हात पोचत न्हाय."

मी जवळ गेलो आणि पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. पट्टी घट्ट होती. तरी मी हात काढला नाही, आणि तिनंही काढा म्हटलं नाही.