गुण चौदाचे, बाटली नवाची

खात्यातून निवृत्त झाल्यावर मी एकच प्रकरण हाताळले, आणि सेवेतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांपेक्षा तेच माझ्या मनात जास्त ताजे आहे. त्याची नोंद कुठल्या स्टेशन डायरीत नाही. अंगावर वर्दी नव्हती, हाताखाली कोणी नव्हते, आणि गावही आपले नव्हते. संबंधित मंडळी हयात आहेत, म्हणून नावे देत नाही.

गाव होते आयर्लंडमधले स्लायगो. माझी भाची तिथे अन्नविज्ञान शिकायला गेली आणि शिक्षण संपल्यावर तिथल्याच एका जुन्या वाइनच्या दुकानात व्यवस्थापक म्हणून लागली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. मी तालुक्याची शाळा संपवून जिल्ह्याच्या कॉलेजात गेलो, त्या वर्षी माझ्या बहिणीची शाळा सातवीवर सुटली. दोघांचा खर्च वडिलांना झेपत नव्हता. त्या बहिणीची मुलगी परदेशात एम.एस्सी. झाली, याचा मला माझ्या बढत्यांपेक्षा जास्त आनंद होता. तिने तिकिटे पाठवली आणि आम्ही नवराबायको महिन्याभरासाठी गेलो.

खबर मिळाली ती स्वयंपाकघरातून. सौ. म्हणाली, "पोर दोन दिवस भात नुसता चिवडतेय. तुम्ही एवढे मोठे पोलीस, तुम्हाला दिसत नाही?"

चौकशीत पहिला प्रश्न कधी मुद्द्याचा विचारू नये. माणूस मुद्द्यासाठी तयारी करून बसलेला असतो. मी भाचीला सहज विचारले, "हल्ली उशिरा निघतेस. दुकान कोण उघडतं?"

"मालक उघडतात." मग ती म्हणाली, "कोठाराची किल्ली त्यांनी परत घेतली, मामा."

"का?"

"इथे कोणी ओरडत नाही ना. म्हणाले, 'इट्स ग्रँड, काही हरकत नाही, फक्त किल्ली ठेव तेवढी.' त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं."

मग तिने सगळी हकिकत सांगितली. गावातल्या एका निवृत्त दंतवैद्याने लग्नाच्या वाढदिवसासाठी जर्मन वाइनचा एक खोका मागवला होता. एका नामांकित समीक्षकाने त्या वाइनला भरघोस गुण दिले होते आणि चवीचे वर्णन केले होते: लिंबाची साल, ओल्या दगडाचा वास, धारदार आंबटपणा. दंतवैद्याने बाटली उघडली तर आत मधाळ, पिकलेल्या जर्दाळूसारखी वाइन निघाली. त्याने ती परत आणून मालकासमोर ठेवली. मालकाने चाखली आणि निष्कर्ष काढला की खोका कुठेतरी उष्णतेत राहिला. दुकानामागे गरम पाण्याचा बॉयलर होता आणि माल भाचीच्या ताब्यात होता. भाची म्हणाली, खोका एक दिवसही थंड कोठाराबाहेर ठेवला नाही. मालक दंतवैद्यासमोरच म्हणाला, चूक मी माफ करतो, खोटे बोलणे नाही.

"आणि माझ्या इथल्या कामाच्या परमिटचं नूतनीकरण याच महिन्यात आहे," भाची म्हणाली. "मालकांच्या सहीशिवाय ते होत नाही. मामा, प्लीज, तिथे येऊन कोणाची उलटतपासणी घेऊ नका हं."

"खोक्याला तू हात लावला होतास का?"

"हो. भेटकार्ड घालायला उघडला आणि परत पट्टी लावली. ते कोणी विचारलंही नाही, मीच सांगितलं त्यांना."

खोटे बोलणारा माणूस स्वतःविरुद्धचा पुरावा आपणहून हातात देत नाही. माझ्या मनाने तिला तिथेच निर्दोष सोडले. पण मन हा पुरावा नव्हे, आणि मामाचे मन तर मुळीच नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. त्या दुकानाचा वास अजून नाकात आहे: लाकूड, पुठ्ठा आणि पावसात भिजलेले लोकरीचे कोट. प्रत्येक बाटलीखाली मालकाने स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावलेली, तिच्यावर वाइनचे नाव आणि समीक्षकांनी दिलेले गुण. इतर वाइनची खरेदी भाची बघत असे, पण जर्मन कप्पा त्याचा स्वतःचा. त्याला तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

"तुमच्या भाचीने तपासाला बोलावलं का, इन्स्पेक्टर?" त्याने हसत विचारले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही.

"ती मला येऊ नका म्हणाली. मला फक्त बाटली बघायची आहे."

"बघायची? प्यायची नाही?"

"मी आयुष्यभर दारू पकडली. चाखली कधीच नाही."

हे मात्र त्याला मनापासून आवडले. त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि मी विचारल्यावर गुणांचा कारभार समजावून सांगितला. समीक्षक दरवर्षी जर्मनीला जातात, तळघरात बसून पेल्यामागून पेला चाखतात आणि शंभरपैकी गुण देतात. "नव्वदच्या खालची बाटली धूळ खात पडते," तो म्हणाला.

"आमच्या शाळेत पस्तीसला पास होत असत," मी म्हणालो.

"मग तुमच्या शाळेत जर्मन लोक फार सुखात राहिले असते!"

काही समीक्षक वाइनला नव्हे, ती करणाऱ्यालाच तारे देतात. एक तारा गेला की बापजाद्यांपासून मळे राखणाऱ्या घराची झोप उडते. ऐकताना मला आमचे गोपनीय अहवाल आठवले. साहेब वर्षातून एकदा ठाण्याला भेट देत, दप्तर चाळत, मुद्देमाल खोलीत डोकावत आणि शेरा मारत. त्या शेऱ्यावर आमची बढती ठरे. भेटीच्या आदल्या दिवशी ठाण्यात चालणारी सारवासारव, दप्तर लिहिणाऱ्या रायटर हवालदाराची धावपळ, काचेच्या ग्लासातला तो गोड चहा, सगळे परदेशातल्या त्या खुर्चीत बसल्या बसल्या डोळ्यांपुढून गेले.

मग मी दंतवैद्याकडे गेलो. समुद्राच्या वाटेवर त्याचे घर. माणूस तुसडा म्हणून गावात प्रसिद्ध होता.

"वाइन खराब होती का?" मी विचारले.

"खराब? छान होती! बायकोला तर फारच आवडली. पण मी मागवली ती ही नाही. मी पोरीला चोर म्हटलं नाही, गाढवही म्हटलं नाही. ही ती नाही, एवढंच म्हटलं. या गावात माणसानं एवढंही म्हणायचं नाही का?"

खोटा फिर्यादी नुकसान फुगवून सांगतो. हा तर मालाची स्तुती करत होता. त्याने मला समीक्षकाचे मत छापलेला कागद दिला आणि उरलेल्यातली एक बंद बाटलीही दिली.

परत येताना मी पेचात होतो. भाची खरी वाटत होती. फिर्यादी खरा वाटत होता. मालकही खरा, कारण आदल्याच वर्षी एका प्रदर्शनात ती वाइन त्याने स्वतः चाखली होती आणि समीक्षकाने लिहिली तशीच चव त्याला आठवत होती. तीस वर्षे मी प्रत्येक प्रकरणात एकच प्रश्न आधी विचारत आलो होतो, की यांच्यात खोटे कोण बोलतो? इथे खोटे बोलणारा सापडेना.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी बाटली आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. अडले की आम्ही मुद्देमालाकडे परत जात असू. कोर्टात बचावाचा वकील पहिली गोष्ट हीच करतो, वस्तूवरच्या लेबलाचा क्रमांक पंचनाम्यातल्या क्रमांकाशी ताडून बघतो. तो जुळला नाही की बाकीची साक्ष वाया.

"या बाटलीला क्रमांक असतो का गं?"

"असतो ना. सरकारी चाचणीचा. जर्मनीत प्रत्येक चांगल्या वाइनवर कायद्यानं छापावा लागतो. ते कोणी वाचत नाही, मामा."

"मग समीक्षकानं कशाला छापलाय?"

तिने कागद ओढून घेतला. मताच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात, चाचणी क्रमांक चौदा असे होते. तिने बाटली दिव्याखाली धरली. नाव तेच, मळा तोच, साल तेच. पण लांबलचक चाचणी क्रमांकात कोणत्या खेपेची भरणी ते सांगणारा आकडा चौदा नव्हता, नऊ होता.

"मामा," ती हळूच म्हणाली, "वाइन करणाऱ्यांनीच एकाच नावाची वाइन दोन पिंपांतून वेगवेगळी भरलीय."

सकाळी आम्ही दोघे दुकानात गेलो. मालकाने कागद वाचला, बाटली फिरवली आणि जर्मनीला फोन लावला. पलीकडे वाइन करणाऱ्याचा मुलगा होता. तो हसतच सुटला. नऊ नंबर खालच्या उतारावरच्या द्राक्षांची, ती मधाळच असते. चौदा नंबर वरच्या खडकाळ पट्ट्याची. आजोबांपासून असेच चालत आले आहे. समीक्षकाने दोन्ही चाखल्या होत्या आणि गुण चौदाला दिले होते. प्रदर्शनातही चौदाच ठेवली होती.

मालकाने फोन ठेवला. ऑर्डर त्याने स्वतः नोंदवली होती, नुसत्या नावाने. पाटीही त्यानेच लिहिली होती. तो एका खोक्यावर बसला.

"पाटी माझी आहे," तो म्हणाला.

त्याने खिशातून किल्ली काढून भाचीपुढे धरली. तिने घेतली नाही. मला वाटले, आता ही रडणार. पण ती शांतपणे म्हणाली, "आधी दंतवैद्यांकडे जाऊन या. मी खोटं बोलले असं तुम्ही त्यांनाच सांगितलंत."

मी सेवेत भल्याभल्यांचे जबाब घेतले, पण असे वाक्य क्वचित ऐकले. सातवीत शाळा सुटलेली तिची आई असेच बोलते.

मालक भर पावसात, टोपी न घालता गेला. तास-दीड तासाने परत आला तो दंतवैद्याला सोबत घेऊन. दंतवैद्य दारातूनच ओरडला, "तुझा हा साहेब म्हणतो, सगळी चूक त्याची. चाळीस वर्षं ओळखतो याला, असलं वाक्य पहिल्यांदा ऐकलं. दात काढल्यासारखा चेहरा झाला होता!" तेव्हा कुठे भाची हसली आणि किल्ली तिने घेतली. परमिटच्या कागदांवर त्याच दुपारी सही झाली.

आता तो मालक थकला. दुकान बंद झाले आणि तिथे कॉफीचे दुकान आले आहे असे कळते. भाची आता आयर्लंडमधल्याच नावन नावाच्या गावी राहते, तिची मुलगी मला फोनवर आयरिश हेलाच्या इंग्रजीत हाक मारते. कधी पावसाळी सकाळी ते दुकान फार आठवते.

प्रशिक्षणार्थी पोरे आठवण सांगा म्हणतात तेव्हा खून-दरोडे सोडून मी हेच प्रकरण सांगतो. समीक्षक खरा होता, फिर्यादी खरा होता, मालकही मनाने खरा होता. प्रत्येकाने पाहिले, चाखले तेच सांगितले. फक्त सगळे एकाच बाटलीबद्दल बोलत आहेत की नाही, एवढे कोणी तपासले नव्हते. त्या प्रकरणात गुन्हा नव्हता, गुन्हेगार नव्हता, खोटा साक्षीदारही नव्हता. तरी एका मुलीची शिक्षा सुरू झाली होती.