वरच्या काकूंचं बंगाली

वरच्या काकू कुणालाही मरू देत नसत. त्या डॉक्टर नव्हत्या. आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या आणि बंगाली मालिकांचं मराठी करून सांगायच्या, एवढंच.

गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा मराठी घरं चार आणि त्यांत टीव्ही एक, काकूंचा. संध्याकाळी चारही घरच्या बायका भाजी निवडत त्यांच्या चटईवर बसायच्या. काकूंना कलकत्त्यात अकरा वर्षं झालेली, त्यामुळे त्या सांगतील ते बंगाली. नायक पाच मिनिटं तावातावाने बोलला की काकू सांगत, "नाही म्हणतोय." सासूने मात्र नुसतं 'हुं' केलं, तर "म्हणतेय, सूनबाई, तुझ्या हातची आमटी खाल्ली की मला माझ्या आईची आठवण येते गं!" मालिकेतल्या जेवणातही त्या ढवळाढवळ करत. स्वतः कट्टर शाकाहारी असल्यामुळे ताटात माशाचं डोकं स्पष्ट दिसत असलं तरी "भोपळा आहे, इकडचा असाच असतो," असं बेधडक सांगून पुढे जात.

एकदा मालिकेतले आजोबा गेले. काकूंनी त्यांना काशीयात्रेला धाडलं. पुढच्या आठवड्यात आजोबांच्या फोटोला हार! आईने विचारलं, "काकू, हे काय हो?"

"वाढदिवस आहे त्यांचा," काकू शांतपणे म्हणाल्या. "नेमका ते घरी नसताना आला."

आई त्याच वर्षी सांगलीहून आली होती. बाबा सतत दौऱ्यावर, शेजारचं कुणी बोललं तर कळायचं नाही, आणि घरात बोलायला मी, आठ वर्षांची. शेवटी तिने ठरवलं की मला घेऊन माहेरी जायचं ते कायमचं. तिकिटं आली, ट्रंक भरली. काकूंनी ती बांधायला मदतसुद्धा केली, एका शब्दाने अडवलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मालिकेचा शेवटचा भाग होता. नायिका नवऱ्याचं घर सोडून गाडीत बसली, समोरच्या बाईशी दोन वाक्यं बोलली, गाडी सुटली आणि मालिका संपली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आई तर हुंदके देत होती.

"अगं, रडताय काय?" काकू म्हणाल्या. "ती त्या बाईला सांगत होती, गॅसवर दूध तसंच राहिलंय, पुढच्या स्टेशनवर उतरून परत जाते."

आई रडता रडता हसायला लागली. दुसऱ्या दिवशी ट्रंक परत पलंगाखाली गेली आणि बाबा तिकिटं रद्द करायला धावले. आम्ही पुढे नऊ वर्षं तिथे राहिलो. मी तिथेच शाळेत बंगाली शिकले.

आता बँकेने मला पुन्हा कलकत्त्यातच आणून टाकलंय. बालीगंजच्या फ्लॅटवर आई महिनाभर राहायला आलीय. काकू दोन वर्षांपूर्वी नागपुरात वारल्या. तो फोन आला तेव्हा आई म्हणाली, "काशीला गेल्या म्हणायचं."

आई आली त्याच आठवड्यात ती मालिका मला इंटरनेटवर सापडली आणि आम्ही रोज दुपारी दोन-दोन भाग बघायला लागलो. आजोबा सरळसरळ हृदयविकाराने गेले होते. आमटीचं तर कुणी नावही काढलं नव्हतं. काकूंना बंगाली येत नव्हतं, असं आधी वाटून मी खूप हसले. मग आठवलं, जिन्यात उभ्या राहून त्या खालच्या बंगाली बाईंशी तासतासभर गप्पा मारायच्या. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. हे लक्षात आलं आणि मला त्यांची इतकी आठवण आली की भाग मध्येच थांबवावा लागला.

काल शेवटचा भाग लावला. आईला हल्ली कमी ऐकू येतं आणि कानातलं मशीन लावायचा तिला कंटाळा. नायिका गाडीत बसली, समोरच्या बाईकडे वळली आणि स्वच्छ बंगालीत म्हणाली, "मी परत येणार नाही. त्या घरात माझं कुणीच नव्हतं."

"काय म्हणतेय गं?" आईने विचारलं.

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. आई माझ्याकडे बघत होती.

"गॅसवर दूध राहिलंय म्हणते. पुढच्या स्टेशनवर उतरणार आहे."

आईने मान डोलावली आणि चष्मा पुसायला घेतला.

"उतरणारच," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर अशी बाई असली की उतरावंच लागतं."