नदीची म्हणून दिलेली अंडी

मोहोपाड्याच्या बाजारात बर्फवाला मुनव्वर म्हणून विचारा, कुणीही हात करून दाखवील. अठ्ठावन्न-साठीचा गडी, अंगाने काटकुळा, दाढी मेंदीने लाल केलेली, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं हा आपल्याशी भांडतोच आहे. सकाळी टेंपोत भुशात दाबलेल्या लाद्या घालायच्या, आधी मोहोपाड्याच्या मासळीवाल्या उरकायच्या, मग खालापूरवरून कर्जत गाठायचं आणि दुपार कलली की रिकामा टेंपो घेऊन घरी. तीस वर्षं हेच. एवढ्या वर्षांत त्याने कुणाला फसवलं असं त्याचा वैरीसुद्धा म्हणणार नाही. म्हणूनच पुढचं सांगताना जीव खाली-वर होतो. फसवलं त्यानेच, आणि तेही दया आली म्हणून.

सुरुवात झाली पद्मजापासून. कर्जतच्या दत्तोपंत मास्तरांची ही मुलगी पक्ष्यांवर संशोधन करते. मुनव्वर लहानपणी मामाकडे कर्जतला शिकायला होता, तेव्हा मास्तरांच्या हातचे फटके त्याने पोटभर खाल्ले होते, त्यामुळे ओळख जुनी. तिला मोहोपाडा आणि कर्जत दोन्हीकडे जाणारा, होडी वल्हवता येणारा आणि रोज बर्फ जवळ असणारा माणूस हवा होता. असा माणूस अख्ख्या रायगडात एकच निघाला.

पक्षी कोणता, तर नदीसुरय. समुद्रावर सीगल म्हणतात तो कुरव, त्याच्याच कुळातला हा. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, पाय लाल, शेपूट कात्रीसारखी चिरलेली. फाल्गुन-चैत्रात पाणी ओसरलं की मधल्या बेटावर वाळूत नुसती खळगी करून दोन-तीन अंडी घालतो. घरटं म्हणावं असं काहीच नाही. अशी एक वसाहत मोहोपाड्याच्या खालच्या अंगाला नदीतल्या खडकाळ बेटावर होती, आणि दुसरी कर्जतच्या वरच्या अंगाला धरणातल्या बेटावर. पाखरू तेच, पाणी दोन. नदीत वस्त्यांचं, कारखान्यांचं, सगळ्या दुनियेचं सांडपाणी, आणि धरणात डोंगरावरून आलेलं. मासे खाऊन पाखराच्या अंगात जे विष साठतं ते अंड्यात उतरतं, कवच पातळ होतं, आतलं पिल्लू आतच मरतं. हे खरं किती, ते पद्मजाला मोजून दाखवायचं होतं. वनखात्याची परवानगी होती. दोन्हीकडून दहा-दहा अंडी, एका घरट्यातून एकच. पेन्सिलीने कवचावर नंबर घालायचा, नदीचं असेल तर ‘न’, धरणाचं असेल तर ‘ध’, आणि कापसात ठेवून बर्फाच्या पेटीत.

पहिल्या साली ती स्वतः आली. दोन्ही बेटांवर घरटी मोजली, पाखरं ओळखायला शिकवलं. मुनव्वरला नाद लागला. पुढे रोज पुलावर टेंपो थांबवून तो बेटाकडे बघायचा, मागची वाहनं हॉर्न मारून दमायची. त्याची मुलगी फराह तेव्हा बी.एस्सी. झालेली. पद्मजाने तिलाही प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. मासूमाने, म्हणजे मुनव्वरच्या बायकोने, सगळ्या मोहल्ल्यात शिरखुर्मा वाटला, सण नसताना.

दुसऱ्या साली अंडी गोळा करायची वेळ आली आणि दत्तोपंत मोरीत घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. पद्मजा त्यांच्या उशाशी अडकली. फोनवर म्हणाली, “काका, या वेळी तुम्हीच आणाल ना? सगळं तुम्हाला ठाऊक आहे.”

“आनतो की. त्यात काय हाय.”

तो नदीच्या बेटावर उतरला तेव्हा पहिल्या साली एकोणीस असलेली घरटी अकरा उरली होती. तीन अंडी कुठेच नव्हती. कुठे दोन, कुठे एक. एका खळगीत पाखरू बसलं होतं, ते उडालं तेव्हा खाली कवच चेपलेलं आणि पिवळं वाळूत झिरपलेलं दिसलं. आईच्याच वजनाने फुटलेलं. मुनव्वर पुढे सरकला तशी पाखरं डोक्यावर झडप घालू लागली, एकाने टोपीवर चोच मारली. त्याने एक अंडं उचललं, तळहातावर धरलं, आणि त्याच्याने ते पेटीत ठेववेना. ह्यांचं आधीच काय शिल्लक हाय, असं तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला पाखरंच होती.

त्याने उरलेल्या दहाही खळग्यांत अंड्यावर ‘न’चा नंबर घातला, पद्मजाने सांगितल्याप्रमाणे मोबाइलवर फोटो काढला, आणि अंगठा ओला करून पेन्सिल पुसून अंडं जिथल्या तिथे ठेवलं. दुसऱ्या दिवशी धरणावर गेला. तिथे चाळीसच्या वर घरटी, तीन-तीन अंडी. तिथून त्याने वीस उचलली. दहांवर ‘ध’ घातला, दहांवर ‘न’.

त्याला कळत नव्हतं का? कळतही होतं आणि नव्हतंही. आपण बाईंना हवी तेवढी अंडी दिली, जास्तीची वसाहत होती तिथून घेतली, गरिबाघरचं उचललं नाही, एवढंच त्याने मनाला सांगितलं. पाखरू तर एकच. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री त्याला फार गाढ झोप लागली.

ती वीसही अंडी फराहने मोजली. कवचाची जाडी, आतल्या पिल्लाची वाढ, रक्तातलं न् यकृतातलं काय काय. बापाने दिलेली म्हणून डोळे झाकून नव्हे, नीट मोजली. पद्मजाने दोनदा मोजायला लावली, कारण उत्तर तिला पटत नव्हतं. पण आकडे आले ते आले. दोन्ही पाण्यांतल्या अंड्यांत म्हणण्यासारखा फरक नाही, असा अहवाल छापून आला. खाली दोन नावं, पद्मजाचं आणि फराहचं. मासूमाने तो कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावला.

मुनव्वरला त्या कागदाचा अर्थ कळला तो माघात, चंद्राबाईकडून. चंद्राबाई नदीकाठच्या वाडीतली, बाजारात मासळी विकणारी. त्या दिवशी तिने नेहमीसारखी भावावरून हुज्जत घातली नाही, मुकाट्याने बर्फ घेतला.

“काय गं, आज तोंडाला कुलूप?” मुनव्वर म्हणाला.

“टँकर बंद झाला, मुनव्वरभाय. आन् धरनाचा नळ येनार व्हता तो पन नाय.”

“कोन म्हनतो?”

“तालुक्याचं सायेब येऊन वाचून दाखवून गेलं. म्हनं पाखरांची अंडी तपासली, तुमच्या नदीची न् धरनाची सारखीच हायत. पाखराला काय होत नाय तं तुमाला काय होतंय. आमी आता परत वाडीची हीर उपसतो. नदीला लागून हाय ना ती, पानी तिचंच. नातीच्या अंगावरचं चट्टं बसलं व्हतं, ते उठलं पुन्यांदा.”

ती शिव्या देत असती तर बरं झालं असतं. तिने सांगितलं ते एखाद्याने दुसऱ्याच्या गावची बातमी सांगावी तसं. मुनव्वरने टेंपो काढला. कर्जतला पोचेपर्यंत निम्म्या लाद्या द्यायच्या राहून गेल्या होत्या आणि त्याला पत्ता नव्हता.

घरी येऊन त्याने मासूमाला सगळं सांगितलं. तिने आधी दार लावून घेतलं.

“कुनाला बोललाव?”

“तुलाच.”

“मंग आता माझ्यापाशीच राहू द्या. अवो, पोरीचं नाव छापून आलंय. पुढच्या शिक्षनाला तिची निवड व्हायची हाय, त्या कागदावर. बापाने खोटी अंडी दिली म्हनतील तं ती तोंड कुठं दाखवंल? बाई पन म्हनतील, दोघं सामील होते.”

यात चूक काय होतं? काहीच नाही. मुनव्वर सव्वा महिना गप्प बसला. बाजारात चंद्राबाईच्या पाटीपाशी टेंपो थांबवायचं त्याने सोडून दिलं, दुसऱ्या गल्लीने जाऊ लागला. नमाजला उभा राहिला की सजद्यात कपाळ टेकताना त्याला कोरडी वाडी आणि ती विहीरच दिसे. पुलावरही तो थांबत नव्हता. एकदा मात्र नजर गेलीच. बेटावर हंगाम सुरू झाला होता आणि पाखरं बोटांवर मोजण्याइतकी.

दुसऱ्या दिवशी त्याने लाद्या उतरवल्या आणि सरळ मास्तरांच्या घरी गेला. दत्तोपंत आतल्या खाटेवर, पद्मजा पुढच्या खोलीत कागद पसरून बसलेली. फराहही तिथेच होती, कामाला आलेली. हे त्याला ठाऊक नव्हतं. परत फिरावं असं वाटलं. पण उंबऱ्यात उभ्या उभ्याच तो बोलला, सगळं बोलला, पेन्सिल पुसलेल्या अंगठ्यासकट.

पद्मजाने हातातला कागद खाली ठेवला. म्हणाली, “काका, तुम्हाला जमत नव्हतं, तर तसं सांगायचं होतं. दहाच्या जागी शून्य अंडी आणली असती तरी मला चाललं असतं. शून्याचाही अभ्यास होतो हो. खोट्याचा नाही होत.”

“चुकलो, ताई. मारा पाहिजे तर.”

“मारून काय होणार आहे? अहवाल मागे घ्यावा लागेल. का घेतला तेही लिहावं लागेल.” तिने फराहकडे बघितलं. “हिची निवड त्याच अहवालावर आहे. तीही आता अडकणार.”

फराह उठली, चपला घातल्या आणि बापाच्या अंगाला अंग लागणार नाही अशा बेताने दारातून बाहेर पडली. दत्तोपंतांनी आतून विचारलं, “कोण आलंय गं?”

नुसतं मागे घेऊन भागणार नव्हतं. साहेब म्हणणार, आधी एक सांगितलं, आता दुसरं, आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? नदीची खरी अंडी हवी होती, आणि हंगाम थोड्याच दिवसांचा होता. पद्मजा जाऊन पुलावरून दुर्बिणीने बघून आली. नदीच्या बेटावर चार घरटी. अंडी किती ते तिथून दिसेना. तिने वनखात्यात दोन दिवस घालवले, नवी परवानगी काढली, असतील तेवढ्या सगळ्या अंड्यांची. परवानगी हातात आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. उभा जन्म ह्या पाखरांपायी घालवलेली बाई ती.

“होडी तुम्हीच चालवा,” तिने मुनव्वरला सांगितलं. “बेट तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. पण अंडी फराह मोजून घेईल, नंबर ती घालेल, पेटीचं कुलूप तिच्याकडे राहील.”

साठीला आलेल्या बापावर पोरीचा पहारा. मुनव्वरने मान हलवली. पहारा बसवायची वेळ त्यानेच आणली होती.

गेले बारा दिवस फराह घरात त्याच्याशी बोलली नव्हती. ताट पुढे सरकवायची, एवढंच. मासूमाने भिंतीवरचा कागद काढला होता, तिथे चौकोन तेवढा पांढरा राहिला होता. होडीतही ती पुढच्या टोकाला पाठ करून बसली. नदीला वास येत होता. बेटाला लागल्यावर पाखरं उठली, आठच होती, पण आरडाओरडा पन्नासांचा. एकाने पुन्हा मुनव्वरच्या डोक्याचा वेध घेतला. त्याने हातसुद्धा वर केला नाही.

पहिल्या खळगीत दोन अंडी. एकाला उभी चीर गेलेली. फराहने दोन्हींचे फोटो काढले, नंबर घातले, पेटीत ठेवली. दुसरीत एक. तिसरीत एक, ते उचलताना तिच्या बोटाखाली दबलं, इतकं कवच पातळ. तिने ते पिशवीत घालून त्यावरही नंबर लिहिला. मुनव्वर चार पावलं मागे उभा होता. त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

चौथी खळगी बेटाच्या कडेला, दगडाच्या आडोशाला होती. एकच अंडं, हिरवट, तपकिरी शिंतोड्यांचं, पण धडधाकट. कुठे चीर नाही, पोचा नाही. फराह खाली बसली. तिने ते उचललं, गालाला लावलं, ऊब बघितली. मग पेन्सिल हातात धरून नुसती बसून राहिली.

“अब्बा,” ती म्हणाली. बारा दिवसांनी पहिला शब्द. “चार झालीत. हे एक राहू दे ना. ताईंना सांगू, चारच होती.”

मुनव्वरचे डोळे भरून आले. पोर त्याची होती, शंकाच नको. दोन्ही पाखरं अगदी जवळ, दगडावर उतरून ओरडत होती, आता झडपही घालत नव्हती. लेक परत बोलू लागली होती, आणि तिला हो म्हणायला एक मान हलवायची होती फक्त.

“मागल्या साली मी पन असंच बोललो व्हतो, बाळा,” तो म्हणाला. “ह्याच बेटावर.”

त्याने पुढे होऊन तिच्या हातातलं अंडं घेतलं. हात लावायचा नाही हे विसरून नव्हे, लावायचा म्हणूनच लावला. पेन्सिलही तिच्याकडून घेतली आणि कवचावर ‘न’ काढला, पुढे पाचाचा आकडा. अक्षर वाकडं आलं. मग कापसाच्या खळग्यात ठेवून पेटी तिच्यापुढे केली. फराहने कुलूप लावलं.

होडी निघाली तशी ती दोन पाखरं पेटीच्या वर घिरट्या घालत काठापर्यंत आली आणि तिथून परत फिरली. फराह वळून वळून बघत होती, म्हणाली, “अब्बा, ती रिकाम्या खळगीत जाऊन बसली.”

“बसू दे,” मुनव्वर म्हणाला. तो वल्हवत राहिला आणि वळला नाही.